पाणी म्हणेपर्यंत

सारजाबाई पैठणहून पहिल्या एसटीनं निघाली आणि नऊच्या सुमाराला शहरात औरंगपुऱ्याला सत्यशीलाबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. येताना शेवग्याच्या शेंगांची जुडी आणली होती. खुर्चीवर बसा म्हटलं तरी ती आधी फरशीवरच टेकली, मग दोनदा सांगितल्यावर खुर्चीच्या अगदी कडेला बसली, आणि चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाली, "बाई, पोरगी घरला येईना झाली."

पोरगी म्हणजे ज्ञानेश्वरी. वय सव्वीस, जन्मापासून ऐकू येत नाही, वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे आणि बजाजनगरात तिच्यासारख्याच, हातानं बोलणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. दोन दिवाळ्या झाल्या, तिनं गावाकडं पाऊल ठेवलं नव्हतं. त्याआधी थोरल्या भावाच्या, गोकुळच्या लग्नाला आली तीही पाहुण्यासारखी. अक्षता पडल्या, जेवली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मोबाइलवर कधीमधी एखादा फोटो येतो, खाली 'ठीक आहे' एवढं लिहिलेलं असतं, ते गोकुळ आईला वाचून दाखवतो. सारजाबाई मेंढरांमागं हिंडलेली बाई. चारचौघांत रडणं तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती कपाकडं बघत होती.

"तुमच्यासंगं बोलती ती," सारजाबाई म्हणाली. "ल्हानपनापून तुमच्यासंगंच बोलली. तेवढं इचारा बाई, माझं काय चुकलं."

सत्यशीलाबाईंनी मोठ्या विश्वासानं होकार दिला. विश्वास असायला कारणही होतं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत बत्तीस वर्षं काढून त्या आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या, आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांना सगळ्यात साधलेलं पोर म्हणजे ज्ञानेश्वरी. तपासणीला साहेब येवोत, देणगीदार येवोत की पेपरवाले, तिला पुढं उभं केलं जायचं. केसांना तेल, दोन वेण्या, छातीवर पट्ट्यानं बांधलेलं कानाच्या यंत्राचं डबडं, आणि जाड पण स्वच्छ आवाजात, "नमस्कार. माझे नाव ज्ञानेश्वरी मुंजाबा कोळेकर. मी पाचवीत शिकते. मला माझी शाळा आवडते." पाहुणे डोळे पुसायचे. एकानं तर भर सभेत बाईंचे पाय धरले होते, आणि बाईंनी वरवर नको नको म्हणत ते धरू दिले होते.

बाईंनी कामात कसूर केली असं त्यांचा वैरीसुद्धा म्हणणार नाही. नुसत्या 'प'साठी त्यांनी या मुलीबरोबर चार महिने घालवले होते. आरशासमोर शेजारी बसायचं, ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हटलं की पट्टी हलली पाहिजे. पोरीचा तळवा आधी आपल्या गळ्यावर ठेवायचा, मग तोच तिच्या स्वतःच्या गळ्यावर, थरथर कळेपर्यंत. ओरडून ओरडून बाईंच्या स्वतःच्या गळ्यात गाठी झाल्या, डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलं, तर आठव्या दिवशी ही बया वर्गात हजर. त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं की मुलाला बोलतं करायचं असेल तर त्याचे हात बंद करा. खुणांची सोय मिळाली की मूल जीभ हलवण्याचे कष्ट घेत नाही. बाईंनी हे एकदा ऐकलं आणि पाषाणावरच्या रेघेसारखं धरून ठेवलं. त्यांच्या वर्गात मुलं हाताची घडी घालून बसायची, आणि घडी सुटली की बाकावर पट्टीचा आवाज नाही, कारण तो ऐकणार कोण, पण बाईंचे डोळे पुरेसे होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी ज्ञानेश्वरीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तिचा चेहरा उमटला, हसरा, आदबशीर. "नमस्कार बाई. मी बरी आहे. तुम्ही कशा आहात?" बाई म्हणाल्या, मी बरी आहे, आई आली होती. ज्ञानेश्वरीनं मान हलवली. बाई ओठ ताणून सावकाश म्हणाल्या, तू घरी का जात नाहीस? ज्ञानेश्वरी पुन्हा हसली आणि म्हणाली, "मी बरी आहे." बाईंनी तेच तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मान हलली, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, आणि शेवटी "नमस्कार बाई" होऊन फोन बंद झाला.

एकवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा भेटलेल्या, दहावीपर्यंत स्वतःच्या हाताखालून गेलेल्या मुलीला एक साधा प्रश्न विचारायचा, तर तिथंच त्यांचं घोडं अडलं होतं.

मग त्यांनी प्रेरणाला फोन केला. हा फोन करणं त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. प्रेरणा ही शाळेत चार वर्षांपूर्वी आलेली खुणांच्या भाषेची शिक्षिका. तिचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळं ही भाषा ती पाळण्यापासून शिकलेली. ती आली आणि वर्गावर्गात मुलांचे हात उडायला लागले. मधल्या सुट्टीत ओटा नुसता गजबजून जायचा, आवाज म्हणाल तर काही नाही. बाईंनी तेव्हा मुख्याध्यापकांकडं लेखी तक्रार केली होती की या हातवाऱ्यांनी माझ्या वर्गाचं वाटोळं होतंय. प्रेरणाला ते ठाऊक होतं. पण पोरगी मनानं मोठी, तिनं फक्त विचारलं, "रविवारी चालेल का मॅडम?"

रविवारी तिघी सिटी बसनं बजाजनगरला निघाल्या. प्रेरणा पुढच्या बाकावर, मागं बाई आणि सारजाबाई. सारजाबाई खुशीत होती. लेकीसाठी बाजरीच्या खारोड्या केल्या होत्या, त्यांचा डबा मांडीवर. खूश माणूस बोलतं, तशी ती बोलत होती, आणि बोलता बोलता तिनं त्या कागदाची गोष्ट काढली.

पहिल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत मुलं वसतिगृहातून घरी पाठवताना बाईंनी पालकांची सभा घेतली होती आणि सगळ्यांना सूचनांचा एक कागद दिला होता. मुलांना हातानं बोलू देऊ नये. आपणही हातानं बोलू नये. मुलाला वस्तू हवी असेल तर तिचं नाव म्हणायला लावावं, म्हणेपर्यंत वस्तू देऊ नये. उदाहरणार्थ पाणी. सारजाबाईला अक्षरओळख नव्हती. तिनं चौथीतल्या गोकुळकडून तो कागद वाचून घेतला आणि भाताची शितं लावून चुलीमागच्या भिंतीला चिकटवला.

"एक दिस चुकवला नाय म्या," सारजाबाई अभिमानानं म्हणाली. "पोरगी हात हालवायची, म्या तिचे हात धरायची. रडायची, आपटून घ्यायची. सासू म्हनायची, मारतीस का काय तिला. पन म्या म्हनलं, बाईंनी सांगितलंय. शिकल्याली बाई चुकीचं कशाला सांगंल?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. वाळूजजवळच्या पंढरपूर फाट्याच्या पुढं कंपन्यांच्या भिंती लागल्या होत्या, पण त्यांना दिसत होतं ते शाळेचं ऑफिस आणि प्रवेशाचा दिवस. पाच वर्षांची ज्ञानेश्वरी आईपुढं उभी होती आणि हातांनी काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते बाईंना तेव्हाच कळलं होतं, इतकं ते उघड होतं. एसटीत कंडक्टरची टोपी उडाली, तो ती धरायला वाकला, तर एका म्हातारीची कोंबडी त्याच्या पाठीवर बसली. पोरगी क्षणात कंडक्टर व्हायची, क्षणात कोंबडी. आणि सारजाबाई पदर तोंडाशी धरून हसत होती, मध्येच दोन बोटांनी विचारत होती, मग? मग म्हातारीनं काय केलं? मायलेकींनी मेंढरांमागं हिंडताना आपली आपण केलेली भाषा होती ती. बाईंनी प्रवेशाच्या अर्जावर सही केली आणि पहिलं वाक्य म्हणाल्या होत्या, "ही सवय मोडावी लागेल."

बाईंचा स्वभाव असा, की स्वतःची चूक त्यांना दिसायची, पण साधारण वर्षभरानं दिसायची. या वेळी एकवीस वर्षं लागली.

ज्ञानेश्वरीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बेल दाबली की आत आवाज होत नाही, दिवा पेटतो. दार उघडलं, आणि ज्ञानेश्वरी आधी वाकली ती बाईंच्या पायाशी. मग आईच्या. खोलीतली एकुलती एक खुर्ची तिनं बाईंना दिली, आईसाठी सतरंजी अंथरली. भिंतीवर एक फोटो होता. वक्तृत्व स्पर्धेची ढाल घेतलेली दोन वेण्यांची ज्ञानेश्वरी आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बाई. आईचा फोटो खोलीत कुठं नव्हता. सारजाबाईनं तो फोटो कौतुकानं पाहिला आणि खारोड्यांचा डबा पुढं केला. ज्ञानेश्वरीनं तो घेतला, "धन्यवाद" म्हणाली, आणि ओट्यावर ठेवून दिला.

प्रेरणानं हात हलवून स्वतःची ओळख करून दिली, आणि ज्ञानेश्वरी बदललीच. कॉलवर दिसलेलं ते आदबशीर हसू कुठल्या कुठं गेलं. भुवया, खांदे, बोटं, सगळं एकदम जागं झालं. पाच मिनिटं दोघी आपसात बोलत राहिल्या, ज्ञानेश्वरी दोनदा खदखदून हसली. बाई बघत बसल्या. त्यांच्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीचं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं.

मग प्रेरणानं काम कसं चालतं ते समजावून सांगितलं. ती मध्ये बसेल. जी बोलेल तिचं बोलणं ती तसंच्या तसं पुढं देईल, स्वतःच्या पदरचं काही घालणार नाही, आणि ज्ञानेश्वरी 'मी' म्हणाली तर प्रेरणाही 'मी'च म्हणेल. सारजाबाईला ते नीटसं उमगलं नाही, तिनं मान हलवली. आणि विचारायचं ते विचारलं, "तिला म्हनावं, माझं काय चुकलं?"

ज्ञानेश्वरीनं प्रश्न पाहिला. उठून तिनं पंख्याचा वेग उगाच कमी केला, परत येऊन बसली, आणि मग तिचे हात सुरू झाले ते थांबेनात. प्रेरणाचा आवाज मात्र एकसारखा, शांत.

"मी लहान होते तेव्हा तू माझ्याशी बोलायचीस. मेंढ्यांचं बोलायचीस, आजीच्या नकला करायचीस. मग मला शाळेत ठेवलंस. मी सुट्टीत घरी आले. तुला काय काय सांगायचं साठवून आले होते. मी हात उचलले, तू माझे हात धरलेस. मला वाटलं तू चिडलीस. मी पुन्हा उचलले, तू पुन्हा धरलेस. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. गोकुळशी बोलायचीस, आजीशी बोलायचीस, मला फक्त ओठ दाखवायचीस."

सारजाबाई प्रेरणाच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची खुशी अजून पूर्ण गेली नव्हती, कारण लेक इतकं बोलतेय याचंच तिला नवल वाटत असावं.

"उन्हात मला तहान लागली. तू तांब्या भरलास आणि पाठीमागं धरलास. मी रडले, तू दिला नाहीस. तू पण रडत होतीस, पण दिला नाहीस. मला वाटलं, मी बहिरी आहे म्हणून घरातलं पाणी माझं नाही. मग मी मेंढ्यांच्या पाण्याच्या डोणीवर गेले आणि तिथं ओणवी होऊन पाणी प्यायले. त्या सुट्टीत मी रोज तिथंच प्यायले. तुला वाटलं असेल पोरगी पाणी मागत नाही, शहाणी झाली."

ज्ञानेश्वरीनं बाईंकडं एकदा पाहिलं आणि हात पुन्हा हलले. प्रेरणा क्षणभर अडखळली, पण तिला तसंच्या तसं सांगायचं होतं, तिनं सांगितलं.

"माझ्यासाठी वेळ होता तो फक्त बाईंना. त्या माझा हात गळ्यावर धरायच्या. तू माझे हात खाली दाबायचीस. म्हणून मी घरी येत नाही. मला तिथं येऊन करायचं काय?"

सारजाबाईची मान हळूहळू वळली आणि तिनं सत्यशीलाबाईंकडं पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता, हेच वाईट होतं. तिच्या ओठांवर उत्तर तयार होतं, सोपं आणि खरं. ह्याच बाईंनी सांगितलं होतं, कागद अजून भिंतीला आहे. ते तिनं म्हटलं असतं तर ती सुटली असती. बाई खुर्चीत आक्रसून त्या शब्दांची वाट बघत राहिल्या. पण सारजाबाईनं बाईंचा मान राखला. भिंतीवरच्या त्या फोटोकडं एकदा बघितलं, नजर खाली घेतली आणि प्रेरणाला म्हणाली, "तिला म्हनावं, माझंच चुकलं. अडानी हाय मी. मला कळलं नाय."

प्रेरणानं हात उचलले, पण ज्ञानेश्वरी खाली बघत होती, ती मान वर करेपर्यंत प्रेरणा हात तसेच धरून थांबली.

आता इथं बाईंना गप्प राहता आलं असतं. मूग गिळून बसल्या असत्या तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. माय माफी मागते आहे, लेक आज ना उद्या विरघळेल, आपला फोटो भिंतीवर राहील, झालं. खरं सांगायचं तर पाच-सहा श्वास त्या गप्प राहिल्याही. मागाहून त्यांना सगळ्यात जास्त लाज त्या पाच-सहा श्वासांचीच वाटली. पण समोर ती बाई सतरंजीवर मान घालून बसली होती, ज्या गुन्ह्याची शिक्षा तिनं एकवीस वर्षं भोगली तो पुन्हा स्वतःच्या अंगावर घेत होती, आणि तेही बाईंची अब्रू जाऊ नये म्हणून.

"प्रेरणा, थांब," बाई म्हणाल्या. "ते नको सांगू. मी सांगते ते सांग."

आणि त्यांनी सांगितलं. कागद मी दिला होता. हात बंद करायला मी सांगितलं. पाणी म्हणेपर्यंत पाणी द्यायचं नाही, हे माझं वाक्य. तुझी आई तुझ्याशी हातानं बोलत होती ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेच मोडायचं मी ठरवलं. ती रडत होती कारण तिला ते करवत नव्हतं. तिनं ते केलं कारण तिला वाटलं मी तुझं भलं जाणते. "मलाही तसंच वाटत होतं," असं एक वाक्य बाईंच्या तोंडात आलं होतं. ते खरंही होतं. पण ते त्यांनी सोडून दिलं.

प्रेरणाचे हात थांबले. ज्ञानेश्वरीनं प्रेरणाला काहीतरी विचारलं, प्रेरणानं मान हलवून हो म्हटलं. तिनं पुन्हा तेच विचारलं, पुन्हा हो. मग ती उठली आणि सतरंजीवर आईसमोर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. तिनं आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि उलटेपालटे करून बघितले, बोट न बोट. काय करावं हे सारजाबाईला कळेना. तिला एकही खूण आता आठवत नव्हती, तसं ती पुटपुटली, आणि प्रेरणानं तेही पोचवलं.

बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. ज्ञानेश्वरीला काहीतरी सांगावं, निदान माफ कर म्हणावं असं त्यांना वाटलं. त्या प्रेरणाकडं वळल्या, पण प्रेरणा त्या दोघींकडं बघत होती. म्हणून बाईंनी ओठ नीट उघडून, सावकाश, जसं वर्गात म्हणायच्या तसं म्हटलं, "ज्ञानेश्वरी, माझ्याकडं बघ."

ज्ञानेश्वरीनं बघितलं. आईचे हात तिनं सोडले नाहीत. ते हात धरलेले होते म्हणून असेल, ती तोंडानं बोलली.

"बाई, तुम्ही आता जा."

आवाज जाड होता, पण अक्षर न अक्षर जिथल्या तिथं. गळ्यावर तळवा ठेवला असता तर थरथर नेमकी कळली असती. सवयीनं बाईंच्या ओठांवर 'शाब्बास' आलं, ते त्यांनी गिळलं. पर्स उचलली. दाराशी चपला घालताना त्या जरा रेंगाळल्या, पण आतल्या तिघींपैकी कुणी वळून बघितलं नाही. सारजाबाई काहीतरी विचारत होती, प्रेरणाचे हात चालले होते, आणि ज्ञानेश्वरी आईचा एक हात सोडून त्या मोकळ्या हातानं उत्तर देत होती.

जिना उतरताना बाई मधल्या वळणावर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत ज्ञानेश्वरी त्यांच्याशी शेकड्यांनी वाक्यं बोलली होती, आणि त्यातलं प्रत्येक त्यांनीच तिच्याकडून घोटवून घेतलेलं होतं. आजचं तेवढं एक तिचं स्वतःचं होतं.